रेवदंड्यात गाडी बाहेर, पाय आत

अलिबागजवळच्या रेवदंड्याचं जुनं गाव पोर्तुगीज तटाच्या आतच वसलंय. गाडी मुख्य रस्त्यावर ठेवा. आतल्या बोळात समोरून टेम्पो आला की सगळं रिव्हर्स. मी केलंय, मानेचं भजं झालं.

१७४० साली मराठ्यांकडे आलेल्या या गावातली चर्चची पडकी बांधकामं आता नारळी-पोफळीच्या वाड्यांत उभी आहेत. वाड्या लोकांच्या आहेत, तेव्हा फाटकाशी थांबून "काकू, आत येऊ का?" एवढं विचारावं. बहुतेक वेळा परवानगी मिळते, वर कुठली वाट सातखणी मनोऱ्याकडे जाते तेही कळतं. भिंत बघायला मान वर करण्याआधी डोक्यावर नारळाची पेंड नाही ना, तेवढं पाहा. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर चपला नकोतच.

गावात बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. बाहेरून बघायचं तर कधीही जा, पण शनिवारी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा नि प्रार्थनेचा दिवस असतो, उगाच आत डोकावू नका.

वेळ उरला तर खाडीपलीकडे कोर्लई गाव. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली बोलतात. मोबाईल खिशात ठेवून नुसती ऐका.