एडीला भोवरा म्हणू नका

मी पारनेर तालुक्यातली. कुकडीतले निघोजचे रांजणखळगे पाहत मोठी झाले. त्यामुळे भोवरा म्हटलं की गरगरणारं पाणी, त्यात अडकलेले गोटे आणि पोखरलेला काळा कातळ एवढंच डोळ्यांसमोर यायचं. नदीतल्या गाळाचा अभ्यास करायला ॲरिझोनाला गेले आणि पहिलं सेमिस्टर या एका शब्दानेच खाल्लं. ग्रँड कॅन्यनमधल्या एडी (eddy) वाळू साठवतात, असं पुस्तकात होतं, आणि एडी म्हणजे भोवरा असं मी धरून चालले होते. जे कातळ पोखरतं ते वाळू कशी साठवेल, हे काही केल्या डोक्यात शिरेना.

या विषयात येणाऱ्या मुलांना म्हणून आधी हेच सांगते. कॉलोराडो नदीला जिथे बाजूची घळ येऊन मिळते, तिथे लोंढ्यांबरोबर आलेले धोंडे पंख्यासारखे पसरलेले असतात. त्यांच्यामुळे नदी आवळली जाते, फेसाळते, आणि पलीकडे पात्र एकदम रुंद होतं. इतक्या वेगातल्या पाण्याला काठ धरून वळता येत नाही. धार काठ सोडते आणि बरंच खाली जाऊन पुन्हा काठाला लागते. मधल्या जागेत पाणी संथपणे गोल फिरतं, काठालगत तर चक्क उलटं, वरच्या अंगाला वाहतं. ही एडी. तराफा तिच्यात सापडला की कितीही वल्ही मारा, फिरून तिथेच.

धारेच्या खळबळीत तरंगणारी वाळू या फिरत्या पाण्यात शिरते. इथला वेग तिला तोलून धरायला पुरत नाही, म्हणून ती खाली बसते. त्याहून बारीक चिकणमाती बरीचशी पुढे निघून जाते. वाळूचा एक पट्टा धोंड्यांच्या पंख्यावर चढतो, दुसरा धार काठाला परत लागते तिथून वरच्या बाजूला वाढत जातो.

हे कळायला मला खड्डा खणावा लागला. फील्डवर नवख्याच्या वाट्याला येतं ते सर्व्हेच्या प्रिझमची (मोजणीयंत्र ज्यावर नेम धरतं त्या काचेची) काठी धरून उन्हात उभं राहणं. त्यात कमीपणा मानू नका, पट्टा पायाखालून कळतो. दुसऱ्या दिवशी वाळूत चर खणून थर वहीत काढायचे होते. तरंगखुणांचे थर सगळे नदीच्या उलट दिशेला कललेले. माझंच काही चुकलं असणार म्हणून मी बाण खोडून सरळ केले. आमच्या सरांनी वही पाहिली, काही बोलले नाहीत, एक काडी काठाशी पाण्यात टाकली. काडी माझ्यासमोरून वरच्या अंगाला गेली.

त्याच चरात आणखी एक गोष्ट बोटांना लागली. वाळू खाली बारीक होती, वर भरड. पूर ओसरताना उलटं व्हायला हवं ना? पण इथे नदीकडे वाळूच तुटपुंजी. १९६३ साली वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण झालं आणि वरून येणारी वाळू त्याच्या जलाशयात अडकली. आता भरवसा परिया आणि लिटल कॉलोराडो या उपनद्यांवर. पूर सोडला की पात्रातला बारीक माल आधी धुऊन निघतो आणि मागून भरड येतो. १९९६ मध्ये वाळूचे पट्टे पुन्हा भरावेत म्हणून धरणातून मुद्दाम सात दिवस पूर सोडला होता, सेकंदाला सुमारे १,२७० घनमीटर. त्याच्या थरांतही हाच क्रम सापडला. वाळू पात्राच्या तळातून उचलली जाऊन वर चढेल असं वाटलं होतं. पुढे लक्षात आलं की ती बरीचशी नदीच्या वरच्या अंगाच्या एडींच्याच तळाकडच्या भागातून खरवडून आली होती. एका खिशातली दुसऱ्या खिशात. म्हणून नंतरचे पूर, २००४ चा आणि पुढचेही, शक्यतो परियाने ताजी वाळू आणून टाकल्यावर सोडले गेले. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात चांगला धडा हाच.

सिव्हिलवाल्यांना थर वाचता येत नाहीत, भूशास्त्रवाल्यांना द्रवगतिकीची धास्ती असते. जे कच्चं आहे ते आधी पक्कं करा. संख्याशास्त्र मात्र दोघांनाही चुकत नाही. कॅन्यनमध्ये फील्डवर जाणाऱ्या होडीत जागा मिळेल यावर प्रबंध बेतू नका, माझ्या वर्गातल्या बहुतेकांना ती मिळाली नाही. कॅन्यनमधल्या केंद्रांवरची प्रवाहाची आणि तरंगत्या गाळाची मोजमापं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने सर्वांना खुली ठेवली आहेत, तीही पंधरा-पंधरा मिनिटांची. सांगलीत बसून उतरवून घेता येतात. इकडेच काम करायचं असेल तर खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहेच. गाळाचे प्रश्न आपल्या धरणांनाही चुकलेले नाहीत.

मागच्या मे महिन्यात निघोजला गेले होते. माणसं खळग्यांत वाकून फोटो काढत होती. मी खाली काठाशी साचलेल्या वाळूत हात घालून बसले होते. आई मागून येऊन म्हणाली, "काय हरवलं गं?"