माजी सैनिकांच्या मुलाखती घ्यायला निघालात? आधी माझी चूक ऐका

रेकॉर्डर कुठला घेऊ, असं विचारणारे महिन्याला दोन-चार तरी भेटतात. कुठलाही घ्या. डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल देणारा असला, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर चालत असला की झालं. फक्त ती फाइल व्हॉट्सॲपवर कुणाला तरी धाडून ‘कॉपी ठेवली’ म्हणू नका. मुलाखतीच्या वेळी पंखा बंद करायचा, कुकर कधी लावणार ते घरात विचारून ठेवायचं. या गोष्टी तुम्हांला माहीत असतात, नसल्या तर दोन मुलाखतींत कळतात. मला एक गोष्ट कळायला दीड वर्ष लागलं, आणि तोवर नुकसान होऊन गेलं होतं. तेवढीच नीट सांगते.

इतिहासात एम.ए. करून मी एका छोट्या संग्रहालयात कंत्राटावर लागले होते. 1971 च्या लढाईतल्या जवानांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आणि जमल्यास वस्तू मिळवायच्या, असं काम होतं. साताऱ्याकडच्या एका गावात एक आबा भेटले. पहिल्या मराठा बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. जमालपूरला होते, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आताच्या बांगलादेशात. मला आकाश ठेंगणं झालं.

जमालपूरबद्दल ज्यांनी वाचलंय त्यांना पत्राचा किस्सा ठाऊक असणारच. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली. तिकडून 31 बलुच या पाकिस्तानी पलटणीच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान यांनी नकार कळवला आणि त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. 10 डिसेंबरच्या रात्री तिथली फौज बाहेर पडायला निघाली आणि शहराच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसलेल्या मराठ्यांवर येऊन आदळली. रात्रभर धुमश्चक्री चालली. किस्सा इतका भारी आहे की तो मला पाठ होता, आणि तीच माझी अडचण झाली.

पहिल्या दिवशी आबा बारा मिनिटं नदीबद्दल बोलत होते. ब्रह्मपुत्रा ओलांडताना बुटात वाळू गेली, मोजे भिजले, मग चालून चालून पायाला फोड आले. “गोळीचं भ्या न्हवतं, फोडांचं हुतं,” म्हणाले. मी अस्वस्थ. ही वाळू किती वेळ ऐकायची? म्हणून मधेच विचारलं, “आबा, ते गोळी गुंडाळून आलेलं पत्र आठवतंय का?”

आबा थांबले. माझ्याकडे बघितलं. पोरगी इतक्या लांबून एसटीने आलीय, तिला काहीतरी हवंय, हे त्यांना कळलं असणार. म्हणाले, “हां, आलं हुतं की.”

दोन महिन्यांनी मी पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी आपणहून पत्र काढलं. आता कागद त्यांच्यासमोर उघडला होता, गोळी साहेबांच्या तळहातावर घरंगळली होती आणि तिचा रंगही त्यांना आठवत होता. मी खूश. तीन मिनिटांची क्लिप कापली, पॅनलवर क्यूआर कोड लावला. नीट ऐकू यावं म्हणून माझे प्रश्न उडवले. नंतर एका वयस्क अभिलेखपालांनी ती क्लिप ऐकली आणि एवढंच विचारलं, “चिठ्ठी ब्रिगेडियरांना आली. हा रायफल कंपनीतला जवान, रस्त्यावर खंदक खोदून बसलेला. यानं ती पाहिली कुठून?” मी घरी जाऊन पहिली फाइल लावली. पत्र हा शब्द सगळ्यात आधी माझ्या आवाजात होता.

आबा खोटं बोलत होते असं मुळीच समजू नका. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी हळूच विचारलं, हे तुम्ही पाहिलंत की मागाहून ऐकलंत? त्यांना खरोखर सांगता आलं नाही. पलटणीत ऐकलेलं, रेजिमेंटच्या कार्यक्रमात ऐकलेलं, माझ्याकडून ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं, सगळं एकाच पिशवीत पडलं होतं आणि पिशवीची गाठ मी मारली होती. सत्तरी-पंचाहत्तरीच्या माणसाची आठवण ओल्या सिमेंटसारखी असते. जो पहिला पाय ठेवतो त्याचा ठसा राहतो. मी बूट घालून चालत गेले.

हे पुन्हा पुन्हा सांगतेय, कारण अभ्यास करून जाणाऱ्या माणसाकडूनच ही चूक होते. न वाचता जाणारा मूर्ख प्रश्न विचारतो, पण निदान पढवत तरी नाही. तुम्ही वाचूनच जा. तारखा, गावं, कुठली पलटण कुठल्या बाजूला होती, सगळं डोक्यात ठेवा, पण तोंडात आणू नका. समोरचा चुकीचं साल बोलला तरी लगेच दुरुस्त करू नका, बाजूला टिपून ठेवा. प्रश्न असे असावेत की ज्यांचं उत्तर तुम्हांला माहीत असणं शक्यच नाही. त्या दिवशी सकाळी काय खाल्लं? डाव्या हाताला कोण होतं? रात्री कशावर झोपलात? आणि शेवटी एकदा, गोडीत, “हे डोळ्यांनी पाहिलेलं की पलटणीत ऐकलेलं?” ऐकलेलं असेल तर फेकून देऊ नका. पलटण स्वतःबद्दल काय सांगते हाही इतिहासच आहे. नोंदीत दोन्ही वेगळं लिहा, एवढंच.

आणि प्रश्न कधीही कापू नका. पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळच्या वुन्सडॉर्फ छावणीत जर्मनांनी हिंदुस्थानी युद्धकैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. रेकॉर्डिंगच्या कर्ण्यासमोर काय बोलायचं ते आधी लिहून घेत असत. डिसेंबर 1916 च्या एका तबकडीत मल्ल सिंग नावाचा शिपाई स्वतःबद्दलच, पण एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, अशा परक्या सुरात बोलतो. ऐकताना पोटात कालवतं. म्हणजे पढवणूक तिथेही होती. पण ती होती हे आज आपल्याला माहीत आहे. माझ्या क्लिपमध्ये तेवढंही उरलं नव्हतं.

आता बाकीचं, भराभर.

गावात कुणी ‘मेजर’ म्हणून ओळख करून दिली तर लगेच कार्डावर मेजर लिहू नका. आपल्याकडे फौजेतून पेन्शनला आलेला प्रत्येक जण मेजर. फौजेतून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक मागा, त्यात हवालदार की नायक ते कळतं.

ओळखीसाठी निवृत्त कर्नल साहेबांना सोबत नेणं हा सगळ्यांचा आवडता शॉर्टकट आहे. माझं मत विचाराल तर, नेऊ नका. साहेब खुर्चीत बसले की चाळीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेला शिपाईसुद्धा पाठ ताठ करून ‘जी सर’ एवढंच बोलतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून किंवा माजी सैनिक संघटनेतून गावं कळतात, तेवढं पुरतं. पुढचं काम चावडीवर होतं. बऱ्याच गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी असते, इतके गेले, इतके परत आले नाहीत. तिच्यापाशी उभं राहून विचारलं की कुणीतरी घर दाखवतंच.

मुलाखत चालू असताना आजी आतून काही बोलल्या तर रेकॉर्डर बंद करू नका. आबांना साल आठवत नाही, आजींना मनिऑर्डर कुठल्या बाळंतपणाच्या वेळी थांबली ते आठवतं. घरात जुनी पत्रं असतील तर आधी पत्ता बघा. 56 एपीओ की 99 एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय), यावरून माणूस देशाच्या कुठल्या टोकाला होता याचा अंदाज येतो. पदकांचंही तसंच. 1971 ला पूर्वेला लढलेल्याला ‘पूर्वी स्टार’, पश्चिमेला लढलेल्याला ‘पश्चिमी स्टार’. कोरलेला नंबर आणि नाव भिंगातून वाचा, कधी कधी ते भावाचं निघतं.

पदकं पितांबरीने घासू नका! घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर संग्रहालयाची माणसं येणार म्हणून आदल्या रात्री सून ती लख्ख करून ठेवते आणि कोरलेली अक्षरं झिजतात. फोटोचं लॅमिनेशन तर अजिबातच नको. आणि ‘ठेवायला दिलं’ आणि ‘दिलं’ यांत फरक आहे. दानपत्र मराठीत करा, मोठ्याने वाचून दाखवा, मुलांच्या सह्या घ्या. मी एक ट्रंक तोंडी बोलण्यावर आणली होती. दिवाळीत धाकटा मुलगा परत मागायला आला, आणि बरोबरच होतं त्याचं.

घाबरवलं का फार? तसं नाही. ही माणसं तुम्हांला चहा पाजतील, दोन चुका पोटात घालतील, उलट पुन्हा कधी येणार म्हणून विचारतील. एखादा बोलता बोलता रडेल. रुमाल पुढे करू नका, विषय बदलू नका, मनात दहा आकडे मोजा. बहुतेक वेळा तो स्वतःच पुढे बोलतो. नाही बोलला तर तिथेच थांबा, आणि निघताना सुनेला सांगून ठेवा की आज रात्री त्यांना झोप लागणार नाही कदाचित. ऐकून तुम्हांलाही लागणार नाही. मला आठवडाभर लागली नव्हती.

शिकायचं कुठे? बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग 1952 पासून आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पदविका होते. जमत असेल तर करा, वस्तू हाताळायची शिस्त लागते. ओट्यावर मांडी घालून तीन तास गप्प बसायचं मात्र तिथे शिकवत नाहीत. ज्या मार्गदर्शकाने गेल्या दहा वर्षांत स्वतः एकही मुलाखत लिहून काढलेली नाही, त्याच्याकडून फॉर्मचा नमुना घ्या, सल्ला नको. पहिल्या दहा मुलाखती मशीनला न देता हाताने लिहून काढा. आपण किती वेळा समोरच्याला तोडतो ते तेव्हाच ऐकू येतं.

जमालपूरचं पॅनल मी बदललं. आता तिथे वाळू आणि फोडांची क्लिप आहे, माझ्या प्रश्नांसकट. पत्राची फाइलही ठेवलीय. कार्डावर लिहिलंय: पत्राचा उल्लेख प्रथम मुलाखतकाराने केला, मिनिट 12.

एक सुचवते. सगळे 1971 च्या मागे आहेत, आणि बरोबरच आहे, ती माणसं आता थोडी उरलीत. पण 1987 ला शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेले जवान साठीत आहेत. तिथल्या जाफन्याला हीच जंगी पलटण होती, महार रेजिमेंटची आठवी पलटण होती. त्यांना कुणी विचारायलाच जात नाही. किस्से फारसे छापून आलेले नाहीत, त्यामुळे तुमच्याही डोक्यात काही भरलेलं नसेल. फोन करून जा. दुपारी दोन ते चार नको, झोपलेले असतात.