टीममधलं भांडण दाबू नका, त्यातून काम काढा

नवीन टीम लीडर झालं की पहिली इच्छा हीच असते की आपल्या हाताखाली कटकट नको, मीटिंगमध्ये सगळ्यांनी "हो साहेब" म्हणावं. पण अशी शांत मीटिंग दिसली तर सावध व्हा, कारण खरं बोलणं मग बाहेर टपरीवर होऊन राहिलं असतं आणि ते तुमच्यापर्यंत येत नाही. अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान 28 जानेवारी 1986 ला उडालं, आदल्या रात्री इंजिनियर लोक सांगून राहिले होते की एवढ्या थंडीत रबरी ओ-रिंगचा, म्हणजे रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या कड्यांचा, भरवसा नाही, त्यांचं म्हणणं बाजूला सारलं गेलं आणि 73 सेकंदांत यान फुटून 7 जण गेले.

तर आधी भांडण कशावरून आहे ते बघा. "हे शेड्यूल जमणार नाही" हे कामाचं, "याला काही समजतच नाही" हे माणसाचं. कामाचं असेल तर सगळ्यांसमोर होऊ द्या. माणसाचं असेल तर दोघांना वेगवेगळं बोलवा, सगळ्यांसमोर नेलं की गट पडतात.

आता खरी मेहनत. समजा नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतलं छोटं युनिट, मे महिना, पारा 45 च्या घरात, वर टिनाचं शेड. वर्कर म्हणतात शिफ्ट सकाळी 6 ते 2 करा, डिस्पॅचवाला म्हणतो जमणार नाही, माझी गाडी संध्याकाळी लागते, तेव्हा माणसं पाहिजेत. बहुतेक लीडर इथे 8 ते 4 करून मोकळे होतात. म्हणजे भर दुपारचं ऊनही डोक्यावर राहिलं आणि गाडीच्या वेळेला माणसंही नाहीत, दोघंही नाराज! त्यापेक्षा दोघांना एकच विचारा, भाऊ, तुम्हाला हे काऊन पाहिजे? मग समजतं की वर्करचा त्रास शेडखालच्या दुपारच्या पॅकिंगचा आहे आणि डिस्पॅचला अख्खी शिफ्ट नाही, लोडिंगपुरती दोन-तीन माणसं पाहिजेत. पॅकिंग दुपारच्या आत उरका, दोन-तीन जणांना आळीपाळीने उशिरा बोलवा, झालं.

मेरी पार्कर फॉलेट नावाच्या, मॅनेजमेंटवर लिहिणाऱ्या अमेरिकन बाईंनी 1925 मध्येच भांडण सोडवायचे तीन रस्ते मांडले होते. एकाने दुसऱ्यावर कुरघोडी करायची, किंवा दोघांनी थोडं थोडं सोडायचं, किंवा दोघांची खरी गरज भागेल असं तिसरंच काही शोधायचं. लायब्ररीत एकाला खिडकी उघडी पाहिजे होती, बाईंना अंगावर वारा नको होता, तर शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. मला यातलं आवडतं ते हे की कोणालाच हार मानावी लागली नाही.

मीटिंगमध्ये तुम्ही शेवटी बोला, हे फार महत्त्वाचं आहे. साहेबाचं मत आधी कळलं की नवीन पोरगं तोंडच उघडत नाही, म्हणून सगळ्यात ज्युनियरपासून सुरू करा, आणि त्याने तुमच्याच प्लॅनमधली चूक काढली तर तिथल्या तिथे लिहून घ्या.

सगळीकडे मात्र तिसरा रस्ता निघत नाही. प्रमोशन एक आणि लायक माणसं दोन असतील तर निर्णय तुमचाच, गोल गोल बोलू नका, आणि ज्याला मिळालं नाही त्याला कारणासकट तुम्हीच सांगा, कॅन्टीनमधून कळायच्या आधी.