धरणाच्या पाण्याला पायी वळसा घालताना

वळसा पुरा होणार की नाही हे धरणाची भिंत ठरवते, म्हणून चौकशी तिथूनच सुरू करा. बऱ्याच भिंतींवरून लोकांना जाऊ देत नाहीत. भिंत बंद असेल तर खालच्या अंगाला नदीवर पूल कुठे आहे ते बघा आणि तेवढं अंतर हिशेबात घाला. नदीच्या पात्रातून ओलांडायचा विचारही नको. आभाळ निरभ्र असलं तरी दरवाजे उघडले किंवा वीजघरातून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. भोंगा ऐकू येईल या भरवशावर मी कुणाला पात्रात उतरू देत नाही.

मग नकाशा. धरणाचं पाणी म्हणजे बुडालेली दरी. त्या दरीला जेवढे ओढे मिळत होते, तेवढ्या ठिकाणी पाणी आत शिरलेलं असतं, त्यामुळे काठ हाताच्या बोटांसारखा फाकलेला असतो. समोरचं टेकाड हाकेच्या अंतरावर दिसतं, पण तिथे पोचायला अख्खं बोट चढून, ओढा ओलांडून, पलीकडच्या काठानं परत यावं लागतं. अंतर नजरेनं ठरवायचं नाही. दोरा घ्या, नकाशावरच्या काठाच्या प्रत्येक वळणात तो बसवा आणि मग मोजा. आलेल्या आकड्यात मी पाचवा हिस्सा अजून मिळवतो, कारण पायवाट नकाशातल्या रेघेपेक्षा जास्तच वळते.

वेळेसाठी मी स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ सालचा नियम वापरतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. यात बसणं, खाणं, बुटातले खडे काढणं धरलेलं नाही. आणि हो, वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा धरायचा, तुमचा नाही.

आता चिखल, कारण लोक फसतात ते इथेच. नकाशातला निळा रंग बहुतेक वेळा भरलेल्या धरणाचा असतो. पाणी उतरलेलं असलं की खाली रुंद, सपाट, मोकळी पट्टी उघडी पडते आणि पाय आपोआप तिकडे वळतात. काठ खडकाळ आणि उताराचा असेल तर खुशाल चाला. पण जिथे ओढा धरणाला मिळतो, तिथे सावध व्हा. वाहतं पाणी संथ पाण्यात आलं की त्याचा जोर संपतो. वाळू आधी खाली बसते, बारीक गाळ जरा पुढे जाऊन बसतो. हा गाळ वरून वाळतो, त्याला भेगा पडतात, रंग फिका होतो आणि पक्की जमीन असल्याचा भास होतो. खाली मात्र लोण्यासारखा मऊ. काठी दाबून बघा. वीतभर सहज गेली तर मुकाट्यानं वर चढा आणि ओढा जिथे दगडातून वाहतो तिथे ओलांडा.

तरीही पाय रुतलाच तर उपसायला जाऊ नका. एक पाय ओढताना सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तो अजून खाली जातो. मागे टेका, नाहीतर सरळ बसा, म्हणजे भार पसरतो. मग पाऊल हळूहळू हलवत बाजूनं पाणी आणि हवा आत जाऊ द्या. बूट गेला तर गेला.

कुठून चालावं हे कळायला भरलेल्या पाण्याची खूण शोधा. तिच्या खाली खडक फिकट दिसतात, जुनी मोठी झाडं नसतात, आणि काटक्या-कचऱ्याची एक ओळ साचलेली असते. त्या ओळीच्या थोडं वरून चाला.

दिशा कोणती घ्यावी? मी फुगवट्याची बाजू, म्हणजे भिंतीपासून लांबचं, नदी-ओढे येऊन मिळतात ते वरचं टोक, आधी घेतो. ओढे, गाळ, वाट शोधणं हे सगळं ताज्या पायांनी उरकतं, आणि भिंतीकडचा बरा रस्ता शेवटी येतो. पक्षीही फुगवट्याच्या शेपटालाच जास्त, कारण उथळ पाण्यात त्यांना चारा सापडतो. दुर्बीण असेल तर सकाळ तिथेच काढा, पण सूर्य पाठीशी राहील असं बसा. कलत्या उन्हात पाण्याची तिरीप डोळ्यांत घुसते आणि समोरचं बदक नुसतं काळं दिसतं.

पोहायचं म्हणाल तर माझं उत्तर नाही असंच आहे. काठ अचानक खोल होतो, बुडालेल्या झाडांचे बुंधे दिसत नाहीत, आणि मोरीजवळ, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या तोंडाजवळ, पाणी आत ओढलं जातं.

माघारी कुठून फिरायचं हे निघण्याआधीच ठरवा. शेपटाचा ओढा ओलांडला की परत येणं आणि पुढे जाणं जवळजवळ सारखंच लांब होतं. हातातला निम्मा वेळ संपला आणि तो ओढा अजून पुढेच असेल, तर तिथूनच मागे वळा.