ऑनलाइन शाळा: मुलाचे काम मुलाच्या हाती कसे सोपवावे

ऑनलाइन तास चालू असताना मुलाच्या पाठीमागे उभे राहून उत्तर पुटपुटणारे आई-बाबा शिक्षकांना दिसत नाहीत, पण ऐकू मात्र येतात. २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन शैक्षणिक वर्षांतला बराचसा काळ मी पाचवी ते सातवीच्या मुलांना पडद्यावरून शिकवले. त्या काळात माझी एक गोष्ट पक्की झाली. ज्या घरांत पालक मुलाऐवजी स्वतःच शाळा करू लागले, तिथली मुले दिवसेंदिवस गप्प होत गेली. ज्या घरांत पालकांनी जागा, वेळ आणि वही यांची घडी बसवून दिली आणि मग हात मागे घेतला, तिथली मुले साधा फोन आणि अधूनमधून जाणारी रेंज एवढ्यावरही नीट शिकली. आता शाळा पुन्हा वर्गात भरतात, तरी अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे सुट्टी जाहीर झाली की अनेक शाळा तास ऑनलाइन घेतात, शिष्यवृत्तीचे आणि इतर परीक्षांचे वर्ग पडद्यावर भरतात, आणि लांबच्या आजारपणात मुलाला घरूनच शिकावे लागते. परदेशात मराठी शिकणाऱ्या मुलांचेही कितीतरी वर्ग असेच चालतात. अशा प्रत्येक घराला उपयोगी पडेल असे, अनुभवाने पारखलेले काही इथे लिहीत आहे.

आधी मोजून घ्या

मुलाला शिस्त लावण्याआधी शाळा नेमके काय मागते आहे, हे एका कागदावर उतरवून काढा. रोज किती तास होतात, प्रत्येक तास किती मिनिटांचा असतो, लिंक कुठे येते, स्वाध्याय कोणत्या गटावर टाकायचे आणि कोणते वहीतच ठेवायचे, हे बहुतेक पालकांना वेगवेगळ्या संदेशांतून तुकड्यातुकड्याने कळलेले असते. सगळे एकत्र लिहिले की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पडद्यासमोरचा वेळ किती असावा यासाठी एक मापही हाताशी आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘प्रज्ञाता’ नावाच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांत पूर्वप्राथमिकच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटे, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी तेवढ्याच कालावधीची फार तर चार सत्रे असे सुचवले होते. तुमच्या तिसरीतल्या मुलाला सलग चार तास पडद्यासमोर बसावे लागत असेल, तर त्याचे लक्ष उडते हा त्याचा दोष नाही. अशा वेळी मुलाला बोलण्याऐवजी शाळेशी बोलावे. तास आणि स्वाध्याय यांची विभागणी बदलता येईल का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे, आणि नम्रपणे विचारले तर बरेच शिक्षक त्यातून मार्ग काढतात.

जागा आणि दप्तर

वेगळी अभ्यासाची खोली असण्याची गरज नाही. दोन खोल्यांच्या घरातही एक कोपरा रोजचा म्हणून ठरवता येतो. खाली सतरंजी, पुढे चौरंग किंवा पाट, पाठीमागे भिंत आणि डाव्या किंवा उजव्या हाताला खिडकी एवढे पुरते. पाठीमागे भिंत असली म्हणजे घरातली ये-जा कॅमेऱ्यात दिसत नाही आणि मुलाला संकोच वाटत नाही. संकोच हे गप्प राहण्याचे फार मोठे कारण असते, आणि ते आपल्या लक्षात सहसा येत नाही. फोन हातात धरून तास केला की पाच मिनिटांत हात दुखतो आणि बोटे दुसऱ्या ॲपकडे वळतात, म्हणून तो डोळ्यांच्या उंचीला येईल असा पुस्तकांच्या चवडीला टेकवून ठेवावा. हेडफोन साधे तारेचे असले तरी चालतील, पण माईक असलेले हवेत. तासाच्या वेळी कुकर लावणे आणि मिक्सर फिरवणे पुढेमागे करता आले, तर माईक उघडायची मुलाची भीती पुष्कळ कमी होते.

दप्तर घरातही भरलेच पाहिजे. रात्री झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीच्या विषयांची पुस्तके आणि वह्या त्या कोपऱ्यात रचून ठेवणे, फोन चार्जिंगला लावणे आणि पाण्याची बाटली भरणे ही तीन कामे मुलाने स्वतः करावीत. सकाळी तास सुरू झाल्यावर ‘आई, माझी भूगोलाची वही कुठे आहे?’ अशी हाक आली, तर उत्तर माहीत असूनही उठून देऊ नये. दोन-तीनदा वहीशिवाय तास झाला की रात्रीची सवय आपोआप अंगवळणी पडते.

पाठ्यपुस्तक हाताशी नसेल तर बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या पाठाशी संबंधित साहित्य उघडते. हे आदल्या रात्री उतरवून ठेवले तर दिवसाचा डेटा तासासाठी शिल्लक राहतो.

रोजची वही

सगळ्या मार्गदर्शनातली एकच गोष्ट तुम्ही उचलणार असाल, तर ही उचला. शंभर पानी एकरेघी वही घ्या आणि तिच्यावर मुलाकडूनच ‘रोजची वही’ असे लिहून घ्या. दर दिवसाला एक पान. वर दिनांक आणि वार. खाली चार रकाने: विषय, आज काय झाले, काय द्यायचे आहे, कधीपर्यंत. पानाच्या उजव्या कडेला समासाएवढी जागा मोकळी सोडायची, आणि काम शिक्षकांपर्यंत पोहोचल्यावर तिथे बरोबरची खूण करायची.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या अशा वहीचे पान मला अजून डोळ्यांसमोर दिसते. गणिताच्या ओळीत ‘आज काय झाले’ खाली त्याने ‘अपूर्णांकांची बेरीज, छेद वेगळे, मला कळले नाही’ असे लिहिले होते. त्या तीन शब्दांनी माझे काम सोपे केले, कारण त्याला बेरीज कळत होती आणि अडत होते ते फक्त छेद समान करण्यापाशी. ‘तुला आज काय शिकवले?’ या प्रश्नाला मूल ‘काही नाही’ म्हणते, पण तेच लिहायला सांगितले की नेमके काय अडले ते कागदावर उतरते. म्हणून ‘आज काय झाले’ या रकान्यात एकच वाक्य लिहायचे, पण ते आपल्या शब्दांत लिहायचे, फळ्यावरचे शीर्षक उतरवायचे नाही, असा नियम ठेवावा.

ही वही मुलाच्याच हस्ताक्षरात असली पाहिजे. पालकांनी नीटनेटक्या अक्षरात भरलेली वही दिसायला सुंदर दिसते, पण ती पालकांचे वेळापत्रक असते. पहिली-दुसरीतल्या मुलाला चार रकाने झेपणार नाहीत. त्याच्यासाठी विषयाचे छोटे चित्र आणि पुढे खुणेचा चौकोन एवढेच पुरेल, आणि अडलेले त्याने तोंडी सांगावे.

स्वाध्याय पाठवण्याची एक पद्धत शिकवून ठेवावी, कारण इथे बरेच श्रम वाया जातात. वहीचे पान खिडकीजवळच्या उजेडात सपाट ठेवून सरळ वरून फोटो काढायचा. प्रत्येक पानावर नाव, इयत्ता आणि पान क्रमांक असायला हवा. पाने क्रमाने पाठवायची. व्हॉट्सॲपवर फोटो फोटो म्हणून पाठवला की त्याचा दर्जा उतरतो आणि पेन्सिलीचे अक्षर पुसट होते, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर स्पष्ट राहतो. रात्री अकरा वाजता चाळीस मुलांच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांसाठी हा फरक फार मोठा असतो.

मुलाला बोलते करणे

कॅमेरा चालू ठेवून समोर बसणे म्हणजे सहभाग नव्हे. त्याचबरोबर कॅमेरा बंद ठेवणारे मूल गैरहजर असतेच असेही नाही, हे मी पालकांना वारंवार सांगत असे. मूल तासात किमान एकदा काही तरी करते का, हे पाहावे: प्रश्न विचारते, उत्तर देते, चॅटमध्ये लिहिते किंवा उदाहरण सोडवून दाखवते. दिवसाला एक, एवढेच उद्दिष्ट ठेवावे आणि ते कोणत्या तासाला पूर्ण करायचे हे मुलालाच ठरवू द्यावे.

सहावीतली एक मुलगी कित्येक आठवडे हजेरीपलीकडे एक शब्दही बोलली नव्हती. तिच्या आईने मला वेगळा फोन करून सांगितले की घरी ती सारखी बोलते, पण माईक उघडला की सगळी मुले ऐकत आहेत या विचाराने तिचा घसा दाटून येतो. आम्ही दोघींनी मिळून एक ठरवले. हजेरीनंतर रोजचा दिनांक, वार आणि सुविचार तिने वाचायचा. ते आधी लिहून ठेवता येते, चुकण्याची भीती नसते आणि वाचून झाले की माईक बंद करता येतो. पहिल्या दिवशी आवाज अगदी बारीक होता. आठवडाभराने सुविचारानंतर ती स्वतःहून थांबली आणि ‘बाई, कालच्या तिसऱ्या प्रश्नात एक शंका आहे’ असे म्हणाली. बुजऱ्या मुलासाठी अशी लहान, ठरलेली आणि आधी तयार करता येणारी जागा शिक्षकांकडून मागून घ्यावी. शिक्षक सहसा आनंदाने देतात.

घरी करण्यासारखी तयारीही आहे. प्रश्न कसा विचारायचा, याची वाक्ये तोंडात बसवून घ्यावीत: ‘सर, ही पायरी पुन्हा सांगाल का?’, ‘बाई, आवाज तुटला, शेवटचे वाक्य ऐकू आले नाही.’ माईक उघडणे आणि बंद करणे, हात वर करण्याचे बटण दाबणे, चॅटमध्ये मराठीत टंकलेखन करणे हे ताई-दादा किंवा मामाबरोबर रविवारी खोटा-खोटा तास घेऊन दोनदा करून पाहिले की ऐन वेळी धांदल होत नाही.

आणि उत्तर पुटपुटू नये. मूल चुकले तर चुकू द्यावे. चुकीच्या उत्तरावरून शिक्षकांना पुढे काय शिकवायचे ते कळते. मागून आलेल्या बरोबर उत्तरावरून काहीच कळत नाही, आणि मुलाला मात्र आपल्या उत्तरावर घरच्यांचा भरवसा नाही, एवढे कळते.

एक फोन, दोन मुले

हा प्रश्न अनेक घरांचा आहे आणि त्यावर चुटकीसरशी उत्तर नाही. दोन्ही मुलांचे तास एकाच वेळी येत असतील तर दोन्ही वर्गशिक्षकांना तसे स्पष्ट कळवावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्या विषयात पायरीपायरीने समजावून घ्यावे लागते, त्या विषयाला थेट तास द्यावा, म्हणजे गणित, विज्ञान, इंग्रजी. वाचून समजण्यासारख्या विषयासाठी ध्वनिचित्रफीत किंवा टिपणे मागावीत. ज्याचा तास हुकला त्याने त्याच संध्याकाळी मित्राला फोन करून रोजच्या वहीत त्या विषयाची ओळ भरावी. ओळ रिकामी राहिली की राहिलेला पाठही विसरला जातो.

रेंज कमी असेल तर मुलाचा कॅमेरा बंद ठेवून आवाज राखावा, आणि तसे शिक्षकांना आधीच सांगून ठेवावे. तास मध्येच तुटला तर मुलाने काय करायचे तेही ठरलेले असावे: दोनदा पुन्हा जोडून पाहायचे, नाही जमले तर पुस्तकातला तोच पाठ उघडून वाचायचा आणि वहीत ‘तास तुटला’ असे वेळेसह लिहायचे. मूल घाबरून रडत बसत नाही, कारण पुढची पायरी त्याला माहीत असते.

डोळ्यांसाठी वीस-वीस-वीसची सवय लावावी: दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहायचे. समोरच्या इमारतीची गच्ची किंवा रस्त्यापलीकडचे झाड त्यासाठी नेमून द्यावे. दोन तासांच्या मध्ये मिळालेली दहा मिनिटे फोनवर जाऊ नयेत. त्या वेळात उठून चालणे, पाणी पिणे, आजीशी दोन शब्द बोलणे हेच करावे.

हात मागे कसा घ्यावा

पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी दहा मिनिटे मुलाशेजारी बसून वहीतले पान एकत्र पाहावे. आधी झालेल्या खुणांबद्दल बोलावे, मग राहिलेल्या कामाकडे वळावे. ‘प्रज्ञाता’ या शब्दाच्या इंग्रजी अक्षरांतून आठ पायऱ्या सांगितल्या होत्या आणि त्यातली शेवटची पायरी कौतुकाची होती. घरोघरी नेमकी तीच राहून जाते, असे मला वाटते. कौतुकही नेमके असावे. ‘शाबास’ म्हणण्यापेक्षा ‘आज तू स्वतःहून शंका विचारलीस’ हे मुलाच्या जास्त लक्षात राहते.

तिसऱ्या आठवड्यापासून रोजचे पाहणे थांबवून फक्त शनिवारी बसावे. त्या दिवशी मुलाने आठवड्याची पाने उलटून न झालेल्या खुणा मोजाव्यात, फोनमधले जुने फोटो विषयवार फोल्डरमध्ये टाकून बाकीचे काढून टाकावेत आणि पुढच्या आठवड्यात द्यायचे मोठे काम एकच असेल तर ते कोणत्या दिवशी सुरू करायचे, ते लिहावे. एखादा आठवडा घडी विस्कटेल. तेव्हा पुन्हा रोज बसायला सुरुवात करावी, रागावून नव्हे, तर थोडे दिवस सोबत म्हणून. मूल अनेक दिवस सलग तास टाळत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, सतत डोके किंवा पोट दुखते म्हणत असेल, तर मात्र वही बाजूला ठेवून आधी वर्गशिक्षकांशी आणि गरज वाटली तर डॉक्टरांशी बोलावे.

एखादे काम वेळेत द्यायचे राहिले, तर त्याबद्दलचा संदेश पालकांनी पाठवू नये. पाचवीच्या पुढच्या मुलाने तो स्वतः लिहावा: ‘बाई, भूगोलाचा स्वाध्याय काल द्यायचा होता, तो राहिला. आज संध्याकाळी सहापर्यंत पाठवते.’ त्यातले ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल, तर पाठवण्यापूर्वी तेही सुधारून देऊ नका.