जुना दरवाजा कसा पाहावा : सोलापूरकरांसाठी

किल्ला पाहायला आलेली बहुतेक मंडळी दरवाजातून आत शिरतात आणि मगच किल्ला पाहू लागतात. बांधणाऱ्याने ज्या भागावर सर्वाधिक विचार खर्च केला, तो भाग तोपर्यंत त्यांच्या मागे पडलेला असतो. भुईकोटाच्या बाबतीत ही चूक अधिकच मोठी ठरते. कारण डोंगरी किल्ल्याला त्याची चढणच राखते, भुईकोटाला मात्र खंदक, तट आणि दरवाजा यांच्यावाचून दुसरा आधार नसतो.

सुरुवात घरापासूनच, म्हणजे सिद्धेश्वर तलावालगतच्या आपल्या बहमनीकालीन किल्ल्यापासून करावी. प्रवेशद्वारापासून वीसपंचवीस पावले अलीकडे थांबावे आणि आपण शत्रू आहोत असे मानून समोर पाहावे. दोन्ही बाजूंचे बुरूज किती पुढे आले आहेत, तटातील जंग्यांची, म्हणजे मारा करण्यासाठी ठेवलेल्या भोकांची, तोंडे कोणत्या दिशेला वळलेली आहेत, आणि आपण उभे आहोत ती जागा त्यांपैकी कितींच्या माऱ्यात येते, हे मोजावे. पुढची वाट सरळ जात नसेल तर ती का वळवली, याचाही विचार करावा. वळणामुळे हत्तीला धडक देण्यासाठी लागणारी धाव मिळत नाही आणि तोफेला फळीवर, म्हणजे दाराच्या लाकडी झडपेवर, सरळ नेम धरता येत नाही. परांड्याच्या किल्ल्यात हे विशेष जाणवते; आज विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान तोफ एकेकाळी याच किल्ल्यात होती, हे तिथे उभे असताना आठवावे.

यानंतर फळीजवळ जावे. अणकुचीदार खिळे असतील तर ते किती उंचीवर आहेत ते पाहावे, कारण ते हत्तीच्या कपाळाच्या बेताने ठोकलेले असतात. मोठ्या फळीतच बसवलेला छोटा दिंडी दरवाजा शोधावा; त्यातून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येऊ शकतो, म्हणजे त्याची मान आधी आत येते. युरोपातील मध्ययुगीन किल्ल्यांच्या आणि चर्चच्या थोरल्या दारांतही अशीच लहान दारे आढळतात. आज दिसणारी फळी मूळचीच असेल असे मात्र गृहीत धरू नये. हाताने घडवलेले खिळे एकसारखे नसतात. सगळे खिळे तंतोतंत सारखे दिसले, तर फळी अलीकडची असण्याची शक्यता अधिक.

आता कमानीखालून आत जाऊन मागे वळावे. माझ्या मते दरवाजा खऱ्या अर्थाने इथेच कळतो, आणि नेमकी हीच बाजू कुणी पाहत नाही. दोन्ही भिंतींत समोरासमोर चौकोनी भोके दिसतील, ती अडसराची. पुष्कळदा त्यांपैकी एक भोक फार खोल असते, कारण दार उघडे असताना अख्खा लाकडी अडसर त्यात सरकवून ठेवत असत. खोली टॉर्चने पाहावी. हात कदापि घालू नये, कारण आत गांधीलमाश्या किंवा साप असू शकतात. वर आणि खाली दगडात कोरलेल्या गोल खोबणी फळीच्या खुंटांसाठी असतात. अनेक किल्ल्यांतून लाकूड केव्हाच नाहीसे झाले आहे. तरीही या खोबणींच्या अंतरावरून फळीची उंची आणि अडसराच्या भोकावरून अडसराची जाडी अंदाजता येते. शेजारच्या देवडीत, म्हणजे पहारेकऱ्यांच्या जागेत, थोडा वेळ बसावे आणि तिथून काय काय दिसते ते पाहावे.

नळदुर्गला पावसाळ्यात गर्दी पाणीमहालाकडे, म्हणजे बंधाऱ्यात बांधलेल्या महालाकडे, धावते. दरवाजासाठी जायचे असेल तर सकाळ निवडावी, आणि शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडील उन्हाळ्यात दगड इतका तापतो की निवांत पाहणे अशक्य होते.

मंदिराचा दरवाजा वेगळ्या रीतीने पाहावा लागतो, कारण तो अडवण्यासाठी नसून आत नेण्यासाठी असतो. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडलला जावे आणि नजर उंबरठ्यापासून वर न्यावी : आधी उंबरठ्यावरील कोरीवकाम, मग चौकटीच्या उभ्या पट्ट्या म्हणजे द्वारशाखा, आणि शेवटी वरच्या आडव्या पट्टीच्या मधोमध असलेले ललाटबिंब, म्हणजे तिथे कोरलेली आकृती. शाखा बोटाने मोजाव्यात, परंतु स्पर्श न करता, कारण घामाच्या व तेलाच्या हातांनी कोरीवकाम हळूहळू बुजते. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणे हा तर सरळ अपराध मानावा; टॉर्चचा उजेड बाजूने तिरपा टाकला की झिजलेली रेषही स्पष्ट होते. तोच तिरपा उजेड संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर टाकावा. तिथे शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे, आणि त्यात लिहिले आहे : ‘वाछि तो विजेया होईवा’, म्हणजे जो हे वाचील तो विजयी होईल. घाई न करता तो अक्षर अक्षर लावून वाचावा.