बुरशीनाशक मारलं तरी रोग हटेना? फळबागेतल्या या चुका टाळा

दुकानात जायचं, मोबाईलवरचा पानाचा फोटो दाखवायचा, "डाग पडलेत, काहीतरी भारी द्या" म्हणायचं आणि जे मिळेल ते पंपात ओतायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. औषध बोगस होतं असं नंतर म्हणतो आपण, पण बऱ्याचदा औषध बरोबर असतं, फक्त ते ज्या रोगासाठी बनवलंय तो बागेत नसतोच.

सगळ्यात सोपं उदाहरण डाळिंबाच्या तेल्या रोगाचं. तेल्या जिवाणूमुळे होतो, बुरशीमुळे नाही, त्यामुळे हेक्साकोनॅझोल, कार्बेन्डाझिम ही बुरशीनाशकं कितीही मारा, त्याला काही फरक पडत नाही. तांब्याची औषधं थोडीफार चालतात कारण तांबं जिवाणूलाही त्रास देतं. दुसरं आंब्यावरची काळी काजळी. ही बुरशीच आहे, पण ती पानात घुसत नाही, तुडतुड्यांनी सोडलेल्या चिकट गोड द्रवावर नुसती वरवर वाढते. बोट फिरवलं की निघते बघा. इथं बुरशीनाशकाचा खर्च करण्यात अर्थ नाही, तुडतुडे आटोक्यात आणले की काजळीचं जेवणच बंद होतं.

बुरशीसारखी दिसणारी पण बुरशी नसलेली

हा मुद्दा जरा नीट वाचा, कारण संत्र्याचा डिंक्या, पोफळीची कोळेरोगाची गळ आणि पपईची बुंधासड या तिन्हीत हाच घोळ होतो. यामागं फायटोफ्थोरा असतो, पपईत बऱ्याचदा त्याचाच भाऊबंद पिथियम. आपण त्याला बुरशीच म्हणतो आणि बोलायला ते ठीकय, पण शास्त्राच्या हिशेबाने तो खऱ्या बुरशीपेक्षा शैवालांच्या जवळचा. खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची, याची मुख्यतः सेल्युलोजसारख्या पदार्थांची. नावात शेवटी 'कोनॅझोल' असलेली औषधं बुरशीच्या पेशीपडद्याला लागणारं एर्गोस्टेरॉल बनणं बंद करतात, आणि फायटोफ्थोरा ते मुळात बनवतच नाही, मग ते औषध थांबवणार काय? कार्बेन्डाझिमचंही तेच. लॅबमध्ये फायटोफ्थोरा वेगळा काढायला काही वेळा मुद्दाम बेनोमिल, म्हणजे कार्बेन्डाझिमचाच सख्खा भाऊ, माध्यमात घालतात, म्हणजे बाकीच्या बुरशी मरतात आणि हा आरामात वाढतो. आपण बागेत तेच करतो, वर पैसे देऊन.

याच्यासाठी मेटालॅक्झिल, फोसेटिल किंवा तांब्याची औषधं. पण डिंक्यात औषधाच्या आधी पाणी बघा. मोकाट पाणी सोडलं आणि ते खोडाला लागून उभं राहिलं की रोगाचे पोहणारे बीजाणू थेट सालीपर्यंत पोचतात. दुहेरी आळं करा, आतल्या आळ्यात पाणी जाऊ देऊ नका. कलमाचा डोळा मातीत गाडला गेला असेल तर माती बाजूला करा, कारण खालचा खुंट एकवेळ दम धरतो, वरची संत्र्याची साल धरत नाही. मग सडलेली साल खरवडून बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याची पेस्ट, लावायची.

बोर्डो बिघडतं कुठं

बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये 1885 च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी द्राक्षाच्या केवडा रोगावर पुढं आणलं आणि आजही पोफळीवाल्यांचा भरवसा त्याच्यावरच. एक टक्क्यासाठी 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी, हे सगळ्यांना पाठ असतं. बिघाड होतो तो करताना. मोरचूद लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात भिजवलं की तांबं भांड्यालाच लागतं, म्हणून प्लास्टिकचा पिंप घ्या. चुना महिनोन्‌महिने पोत्यात उघडा पडलेला, हवा लागून भुकटी झालेला असेल तर वजन भरतं पण जोर नसतो, मोरचूद मोकळं राहतं आणि पानं, कोवळी फळं भाजतात. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या पाण्यात वेगवेगळे विरघळवून, गाळून, तिसऱ्या पिंपात दोन्ही एकाच वेळी ओतत ढवळायचं. नंतर स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा किंवा चाकू बुडवून बघा, लालसर थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घाला, नाही चढला तर चालेल. त्याच दिवशी संपवा, उरलं तर दुसऱ्या दिवशी वापरू नका, आणि "एकाच फवारणीत उरकू" म्हणून त्यात कीटकनाशक तर अजिबात ओतू नका, मिश्रण अल्कधर्मी असतं, बरीच औषधं त्यात फुटतात.

आणि वेळ! कोळेरोगाची पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, दुसरी साधारण 40 ते 45 दिवसांनी उघडीप बघून. सुपारी गळायला लागल्यावर झाडावर चढून फवारणाऱ्याला शोधत फिरण्यात काही राम नाही.

आंब्यावर भुरी की करपा?

मोहोरावर पांढरी पावडर म्हणजे भुरी, थंड रात्री आणि दमट सकाळ तिला मानवते, ओल्या पानाची गरज नाही. काळे ठिपके पडून मोहोर जळाल्यासारखा झाला, तेही अवकाळी पाऊस किंवा दाट धुकं पडून गेल्यावर, तर तो करपा, त्याला ओल लागते. गंधक भुरीला उत्तम, करप्याला नाही. आणि गंधक कडक उन्हात मारलं तर मोहोरच भाजेल. करपा कोवळ्या फळात शिरून गप्प बसतो, हापूस पेटीत पिकायला लागला की काळे डाग घेऊन बाहेर येतो, तेव्हा ग्राहकाच्या शिव्या अढीला पडतात पण लागण बागेतली असते. काढणीनंतर 52 अंशाच्या गरम पाण्यात 10 मिनिटं बुडवणं हा उपाय आहे, पण थर्मामीटर वापरा, हाताने अंदाज नको.

कंपनी बदलली म्हणजे औषध बदललं असंही समजू नका. हेक्साकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, डायफेनकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल सगळी एकाच घरची. एकापाठोपाठ मारत गेलात तर बुरशी पूर्ण घराण्यालाच सरावते. केळीच्या सिगाटोका करप्यात, हे नाव फिजीतल्या सिगाटोका खोऱ्यावरून पडलंय, जगभर हे घडून गेलंय. जळगाव भागात करपलेली पानं काढून बागेबाहेर न नेता नुसता फवारा मारणारे अजून दिसतात.

केळीच्या पनामा मर रोगाला मात्र फवारा नाहीच. तो करणारी फ्युजेरियम बुरशी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहते. तिची टीआर 4 ही जात बिहार आणि उत्तर प्रदेशात आलेली आहे आणि ती आपल्या ग्रँड नैन वाणाच्या केळीलाही सोडत नाही. तेव्हा तिकडून कुणी "फुकट देतो" म्हणाला तरी मुनवे आणू नका, टिश्यू कल्चरची रोपं घ्या.

नमुना तपासायला कृषी विज्ञान केंद्रात नेणार असाल तर पूर्ण वाळलेलं पान नेऊ नका, त्यावर नंतर आलेल्या भलत्याच बुरशी असतात. डाग आणि हिरवा भाग दोन्ही असलेलं पान कागदात गुंडाळा, मर असेल तर बारीक मुळं आणि थोडी माती सोबत घ्या, आणि गेल्या पंधरवड्यात काय काय मारलं ते लिहून न्या.